'खालून कुठूनतरी येतोय': लिफ्ट केलेल्या फोर-बाय-फोरमधला आवाज पकडताना

गॅरेजमध्ये गाडी उभी करून "खालून कुठूनतरी आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगितलं, तर पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. मेकॅनिक शॉकअप हलवून बघतो, मग स्टॅबिलायझर लिंक बदलायला सांगतो. दोन्ही बदलून, बिल भरून गाडी नाशिकच्या द्वारका चौकात पोचेस्तोवर आवाज परत हजर. यात मेकॅनिकचा फारसा दोष नाही. त्याला शोधायला काही दिलेलंच नव्हतं.

कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीचे आवाज ठरावीक असतात. नाशिकला तर सातपूरच्या कारखान्यामुळे महिंद्राच्या गाड्या कानाने ओळखणारे लोक गल्लोगल्ली सापडतात. पण दोन इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेली गाडी), ३१ इंची टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), छतावर कॅरियर एवढं सगळं चढवलं की ती गाडी जगात एकच उरते. तेच किट बसवलेल्या दुसऱ्या गाडीचा अनुभव तिला लागू पडेलच असं नाही. म्हणून इथे अंदाजापेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी फुकटच्या चाचण्या, मग स्वस्तातल्या दुरुस्त्या, आणि पैसे घालून पार्ट बदलणं अगदी शेवटी.

आधी आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांना शब्द मुबलक आहेत आणि त्यातले बरेचसे थेट निदानाच्या कामाचे आहेत. "आवाज येतो" म्हणण्याऐवजी नेमका शब्द शोधा.

'खडखड' म्हणजे एखादी वस्तू थोड्याशा जागेत मोकळी हलते आहे: जॅक, ब्रेक पॅड, सायलेन्सरचं शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा). 'ठक्' हा एकेकटा, बोथट ठोका. कुठल्यातरी सांध्यात प्ले (सैलपणा) आहे आणि त्यावरचा जोर दिशा बदलतो आहे. 'टकटक' वेगाबरोबर वाढत गेली तर काहीतरी चाकाच्या किंवा शाफ्टच्या प्रत्येक फेरीला लागतं आहे. 'करकर' किंवा 'कचकच' रबराची, बुशची (सांध्यातल्या रबरी नळीची), पाट्यांची (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची). 'चिरचिर' बहुतेक वेळा कोरड्या क्रॉसची (इंजिनाचा जोर एक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या सांध्याची) किंवा बेल्टची. 'घूंऽऽ' टायरचा किंवा बेअरिंगचा. 'सूंऽऽ' गिअरचा किंवा वाऱ्याचा. 'किणकिण' पातळ पत्र्याची. आणि 'खर्रर्र' असा अंगावर काटा आणणारा धातूचा आवाज अचानक सुरू झाला, तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. त्र्यंबक-इगतपुरी भागातल्या कच्च्या रस्त्यांवरून आल्यावर हे नेहमीच होतं. गाडी दहा-वीस फूट मागे-पुढे केली तर खडा पडतो, नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटभर वाकवायचा.

नावाबरोबर चार गोष्टी वहीत लिहा: किती वेगाला, इंजिन किती आरपीएमला, कशा रस्त्यावर, आणि गाडी थंड असताना की अर्ध्या तासाने. "४० ते ५५ मध्ये, ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गुळगुळीत रस्त्यावर, गरम झाल्यावर" एवढं एक वाक्य हातात असलं की निम्मी गाडी संशयातून बाद होते.

मग दुसरी यादी करा, बदलांची. काय बसवलं, कोणत्या महिन्यात, कोणी. आवाज सुरू झाल्याची तारीख त्या यादीशेजारी ठेवून बघा. शेवटच्या कामापासून शोध सुरू करायचा, मग ते काम आवाजाशी असंबद्ध वाटलं तरी. एलईडी बारची वायर ओढण्यासाठी कोणीतरी मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक काढलेलं असतं आणि परत लावताना तीन क्लिपा कमी पडलेल्या असतात.

गाडी रिकामी करा

हा टप्पा लोक टाळतात, आणि निम्मे आवाज इथेच संपतात. जॅक, व्हील पाना, टूल किट, टो-हुक, रिकव्हरी बेल्ट, फावडं, कंप्रेसर, पाण्याच्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधलं सगळं, सीटखालची नाणी, सगळं खाली काढा. बंपरला लटकवलेली डी-शॅकल (गाडी ओढायची लोखंडी कडी) हमखास काढा. तिच्या पिनचा ठोका बंपरमधून चेसिसमध्ये उतरतो आणि आत बसलेल्याला बॉल जॉइंट गेल्यासारखा ऐकू येतो. विंचचा हूक ताणून बांधलेला आहे का पाहा. मागच्या दारावरची स्टेपनी बघा: मूळ टायरपेक्षा जड टायर लावला की दाराचे बिजागर खाली बसतात, रबरी ठोकळे दाराला नीट टेकत नाहीत आणि खराब रस्त्यावर संपूर्ण दार खडखडतं. स्टेपनी तात्पुरती काढून एक चक्कर मारली की याचा निकाल लागतो. फक्त त्या चक्करीला लांब जाऊ नका.

छताचं कॅरियर चार बोल्टांनी निघत असेल तर तेही उतरवा. रिकाम्या गाडीत आवाज गेला, तर एकेक वस्तू परत ठेवत जा. दोन वस्तू एकदम ठेवू नका.

चाचणीची फेरी ठरवून घ्या

दर वेळी वेगळ्या रस्त्यावर गाडी फिरवली तर तुलना होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांची एकच फेरी पक्की करा आणि तिच्यात चार प्रकारचा रस्ता येऊ द्या: गुळगुळीत डांबर, स्पीडब्रेकर असलेला कॉलनीचा रस्ता, गंगापूर धरणाच्या बाजूचा खडीचा तुकडा, आणि एक चढ-उतार. पेठ रस्त्यावरचा सावळघाट चढ-उतारासाठी चांगला. कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत आवाज ऐकत बसणं धोक्याचं आहे.

सोबत दुसरा माणूस हवाच. चालवणारा चालवतो, दुसरा ऐकतो, जागा बदलतो, मागच्या सीटवर जातो. काचा बंद करून एकदा आणि उघड्या ठेवून एकदा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या लांबलचक कंपाउंड भिंती इथे उपयोगी पडतात: काचा खाली करून भिंतीला समांतर, १५-२० च्या वेगाने गाडी न्या. भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावीकडचा की उजवीकडचा हे स्पष्ट कळतं. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू तपासा.

पुढचा एक्सल की मागचा, हे स्पीडब्रेकर सांगतो. नव्या तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी. ताशी १० किमी वेगाने स्पीडब्रेकर ओलांडला, तर पुढची चाकं चढल्यानंतर साधारण ०.९ सेकंदाने मागची चढतात. एवढं अंतर कानाला सहज कळतं. ४० च्या वेगाला तेच अंतर ०.२ सेकंदावर येतं आणि सगळं एकात एक मिसळतं. स्पीडब्रेकरच्या कडेवरून फक्त डावी, मग फक्त उजवी चाकं नेली की चारपैकी कोणता कोपरा ते समजतं.

ठोका चढताना येतो की उतरताना, हेही टिपा. चढताना आला तर सस्पेन्शन दबताना काहीतरी आपटतं आहे: बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतो तो रबरी ठोकळा), टायर मडगार्डला, स्टॅबिलायझर बार चेसिसला. चाक खाली लोंबताना आला, तर शॉकअपची लांबी कमी पडते आहे. लिफ्टसाठी स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनेच ठेवले की हे होतंच. असा शॉकअप दर खेपेला टोकाला ओढला जातो आणि काही महिन्यांत तेल गाळू लागतो.

जोडून-तोडून पाहणं

आता इंजिन, ट्रान्समिशन आणि चाकं एकमेकांपासून वेगळी करायची.

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये आरपीएम हळूहळू वाढवा. आवाज आला तर तो इंजिन, बेल्ट, सायलेन्सर किंवा माउंटिंगचा आहे. चाकांकडे बघायची गरज नाही. क्लच दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. बेल्टवर स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा: चिरचिर क्षणभर थांबली किंवा बदलली तर बेल्ट किंवा त्याचा टेन्शनर.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगाला न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा. बंद केलंत तर ब्रेकची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. घाटात हा प्रयोग अजिबात नको. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर टायर, व्हील बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट किंवा डिफरन्शियल (एक्सलच्या मधल्या गोळ्यातले गिअर). जोर दिल्यावर 'सूंऽऽ' आणि सोडल्यावर गप्प, किंवा त्याच्या उलट, असं असेल तर डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन (मोठा आणि छोटा गिअर).

त्याच वेगाला गिअर बदलून पाहा. ६० ला चौथ्यात आणि पाचव्यात आवाज तोच राहिला, तर तो इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही.

चालताना ब्रेक पॅडल अगदी हलकंसं दाबा, गाडी मंदावणार नाही इतकंच. खडखड थांबली तर ब्रेक पॅड मोकळे आहेत. पॅड बदलताना त्यांच्या स्टीलच्या क्लिपा "लागत नाहीत" म्हणून फेकून दिलेल्या असतात. लागतात.

फोर-व्हील-ड्राइव्हची चाचणी फक्त मातीवर किंवा खडीवर घ्या. थार, जिप्सी, जिम्नी या पार्ट-टाइम प्रकारच्या गाड्या आहेत. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर दिल्यावर) पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना जखडला जातो आणि मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर वळण घेतलं की शाफ्ट पिळले जातात आणि 'ठक् ठक्' करत सुटतात. तो बिघाड नव्हे, चुकीचा वापर. तसंच थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी रचना) आहे. चिखलात एक चाक फिरू लागलं की तो ठोका देऊन लॉक होतो. त्या ठोक्याच्या मागे लागून डिफरन्शियल उघडू नका.

फेऱ्यांचा हिशेब

वेगाबरोबर बदलणारा आवाज किंवा थरथर असेल तर हा हिशेब पाच मिनिटांत उत्तर देतो. ३१ इंची टायरचा व्यास सुमारे ७८७ मिमी, म्हणजे एका फेरीत गाडी २.४७ मीटर जाते. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून चाक सेकंदाला ६.७ वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला २७ वेळा फिरतो. क्रॉसचा दोष शाफ्टच्या एका फेरीत दोनदा जाणवतो, म्हणजे ५४ वेळा. २००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोट सेकंदाला ६७.

मोबाइलवर ध्वनीचा किंवा कंपनाचा वर्णपट दाखवणारी फुकट ॲप आहेत. मोबाइल डॅशबोर्डवर नाही, सीटच्या लोखंडी रुळावर घट्ट टेकवून धरा. शिखर ७ हर्ट्झच्या आसपास दिसलं तर चाक: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, किंवा रिममध्ये वाळलेली माती. निफाडकडची काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की दगड होते; १०० ग्रॅमचा गोळासुद्धा ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरवतो. बॅलन्सिंगला जाण्याआधी चारही रिम आतून धुवा. शिखर २७ ला असेल तर शाफ्टचं बॅलन्सिंग गेलंय, ५४ ला असेल तर क्रॉस किंवा शाफ्टचे कोन. आपल्या गाडीचं खरं गुणोत्तर आणि टायरचा खरा घेर घालून हे आकडे पुन्हा काढा. घेरासाठी टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरी ढकला आणि टेपने मोजा.

टायर की बेअरिंग

मड-टेरेन टायर घातलेल्या प्रत्येक गाडीत हा वाद होतो, कारण दोघांचाही आवाज 'घूंऽऽ' असाच. पण टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. डांबरावरून इगतपुरीजवळ समृद्धीच्या काँक्रीटवर चढलात की टायरचा सूर लगेच वेगळा होतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही. टायरमधली हवा ४-५ पीएसआयने वाढवून पाहा, सूर बदलला तर टायर. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा; आवाजही मागे गेला तर प्रश्न मिटला. ट्रेडवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर ठोकळे तिरके झिजले आहेत, आणि त्यामागे बहुधा लिफ्टनंतर न केलेलं अलाइनमेंट आहे.

बेअरिंगसाठी ५०-६० च्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर सावकाश डावी-उजवी नागमोडी घ्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावं बेअरिंग.

मग चाक उचला आणि घड्याळाच्या १२ व ६ च्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट, किंवा सॉलिड पुढच्या एक्सलच्या गाडीत किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा). ३ आणि ९ ला धरून हलणारं चाक बहुतेक टाय रॉडचं टोक दाखवतं. ही एक ब्रेकची युक्ती न केल्यामुळे कितीतरी चांगली बेअरिंग बदलली जातात.

व्हील स्पेसर किंवा आफ्टरमार्केट अलॉय असतील तर नटची बैठक बघा: शंकूची, गोल की सपाट. रिमची बैठक आणि नटचा आकार जुळला नाही तर नट घट्ट वाटतो, पण शंभर किलोमीटरमध्ये ढिला पडतो आणि मंद वेगाला 'टकटक' सुरू होते. हा आवाज आला की गाडी तिथेच थांबवून नट तपासा. यात चाक निघून जाऊ शकतं. एअर गनने घट्ट केलेले नट नंतर टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार बसवून घ्या.

गाडीखाली

सपाट काँक्रीट, चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे, आणि चेसिसखाली घोडी (जॅक स्टँड). फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हाय-लिफ्ट जॅकवर तर मुळीच नाही. त्याआधी एक काम उलट क्रमाने करा: गाडी धुण्यापूर्वी एकदा खाली बघा. चिखलाचा थर हा साक्षीदार असतो. जिथे दोन भाग एकमेकांवर हलतात तिथे तो तडकलेला किंवा घासून चकचकीत झालेला दिसतो. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो बोल्ट हलतो आहे, भले पान्याला घट्ट लागो.

आवाज ऐकू येतो तिथेच असतो असं नाही. चेसिस म्हणजे लांब लोखंडी पाइप. मागच्या पाट्याला चेसिसशी जोडणाऱ्या शॅकलचा ठोका त्यातून पुढे येऊन चालकाच्या पायाखाली वाजतो. म्हणून मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हर (मूठ कानामागच्या हाडाला, टोक संशयित भागाला) वापरा, पण फिरणाऱ्या पंख्या-बेल्टपासून दूर. चालत्या गाडीसाठी चिमट्याने लावायचे बिनतारी मायक्रोफोनचे संच मिळतात. चार ठिकाणी लावायचे आणि आत बसून एकेक ऐकायचं. स्वस्तातला पर्याय म्हणजे कॉलर माइक लांब वायरने मोबाइलला जोडून झिप-टायने चेसिसला बांधणं. वायर शाफ्ट, स्टिअरिंग आणि सायलेन्सरपासून लांब न्या.

काय कुठे लागतं हे पाहायला शाडू माती उत्तम. गणपतीत उरलेला गोळा जपून ठेवा. बंपस्टॉपवर, स्टॅबिलायझर बार आणि चेसिसच्या मधल्या जागी, सायलेन्सर आणि क्रॉसमेंबरच्या फटीत बोटभर माती लावून फेरी मारून या. दबलेली माती नेमकी जागा दाखवते. शॉकअपच्या दांड्यावर झिप-टाय सैलसर बांधला तर तो किती दबला याची खूण राहते.

करकर शोधायला साधं पाणी. एका वेळी एकाच बुशवर फवारा, गाडी हाताने दाबून हलवा. आवाज काही मिनिटांपुरता गेला की सापडलं. पावसाळाभर गप्प असलेली गाडी ऑक्टोबरच्या उन्हात करकरायला लागते, त्याचं कारण हेच. पॉलियुरेथेनचे बुश सिलिकॉन ग्रीसशिवाय बसवले तर ते करकरणारच; काढून, ग्रीस लावून पुन्हा बसवणं एवढाच उपाय. गंज काढायचा स्प्रे मारून आवाज दोन दिवस थांबतो, उरलंसुरलं ग्रीसही धुतलं जातं आणि रबरी बुश असतील तर तेही खराब होतात.

रबरी बुशची आणखी एक चूक लिफ्ट किट बसवताना हमखास होते. गाडी उचललेली, चाकं लोंबती असताना सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट पूर्ण कसले जातात. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो, कचकचतो आणि लवकर फाटतो. हे बोल्ट आधी हाताने लावा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मगच टॉर्कला कसा. आधीच चुकीचे बसले असतील तर ढिले करून गाडी बसू द्या आणि पुन्हा कसा. पार्ट एकही न बदलता 'ठक्' आणि 'कचकच' दोन्ही गेल्याची ही सगळ्यात स्वस्त शक्यता.

पाट्यांच्या गाड्यांत, म्हणजे जिप्सी किंवा जुन्या थारचा मागचा भाग, पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आधी. नवे यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० ला कसावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात. काढलेले यू-बोल्ट परत वापरू नयेत. ते ताणलेले असतात आणि आटेही दबलेले असतात. हाउसिंग (एक्सलचं आवरण) पाट्यांवर सरकल्याची चकचकीत खूण दिसली तर मधला सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

जिम्नीसारख्या गाडीत पुढच्या पॅनहार्ड रॉडचे (एक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांडीचे) दोन बोल्ट पाहा. इंजिन चालू, गाडी जमिनीवर, सोबत्याने स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवत राहायचं आणि तुम्ही रॉडच्या टोकावर हात ठेवायचा. ठोका बोटांना जाणवतो. बोल्टचं भोक लंबगोल झालं असेल तर नुसतं कसून उपयोग नाही. ब्रॅकेटला वॉशर वेल्ड करून भोक मापात आणावं लागतं, किंवा ब्रॅकेटच बदलावी लागते.

प्रोपेलर शाफ्ट: लिफ्टचा खरा हिशेब

लिफ्ट केल्यावर सुरू झालेल्या थरथरीचं, गुणगुणीचं आणि 'चिरचिर'चं कारण बहुतेक वेळा इथे असतं, आणि हेच सगळ्यात शेवटी पाहिलं जातं.

गिअर न्यूट्रलमध्ये, चाकं अडवलेली. शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसच्या टोप्या आणि योक (क्रॉसला धरणारा फाटा) यांच्यामध्ये डोळ्याला दिसेल इतकी हालचाल झाली तर क्रॉस गेला. टोप्यांभोवती तांबडी भुकटी म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडल्यात. मंद वेगाला येणारी चिरचिर तीच. ग्रीस निप्पल असेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही आलं तर क्रॉस बदला. गाडी सुटताना किंवा थांबताना येणारा एकच 'ठक्' कोरड्या स्लिप जॉइंटचा (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सांध्याचा) असू शकतो. त्याला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस.

ग्रीससाठी स्लिप जॉइंट उघडला असेल तर परत जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का पाहा. एक दात जरी चुकला तरी थरथर सुरू होते. उघडण्याआधी पेंट मार्करने दोन्ही भागांवर रेघ मारणं हे दहा सेकंदांचं काम आहे.

आता कोन. डिजिटल अँगल गेज घ्या, नसेल तर मोबाइलचं लेव्हल ॲप चालेल. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी हवी. तीन मापं घ्या: ट्रान्सफर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या डब्याच्या) आउटपुटचा कल, शाफ्टचा कल, पिनियनचा कल. समजा ते ३, १० आणि ३ अंश आले. वरच्या क्रॉसचा कोन १० वजा ३ म्हणजे ७, खालचाही ७. दोन्ही सारखे, म्हणून एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. पण पिनियन ६ अंशांवर असेल तर वर ७ आणि खाली ४. हा ३ अंशांचा फरक थरथर म्हणून सीटखाली येतो. दोन्ही कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको. फरक काढायला पाट्यांच्या गाडीत हाउसिंग आणि पाट्याच्या मध्ये तिरकी शिम (पातळ पाचर) घालतात, कॉइलच्या गाडीत लांबी बदलता येणारे आर्म. डबल कार्डन शाफ्ट (एका टोकाला जोड-क्रॉस असलेला) बसवला असेल तर नियम वेगळा: तिथे पिनियन सरळ शाफ्टकडे रोखलेला हवा.

कोन सारखे असले तरी मोठे असून चालत नाहीत. शाफ्ट मिनिटाला २५०० फेऱ्यांना साधारण ७ अंश, ३००० ला ६ पेक्षा थोडं कमी, ४००० ला सव्वाचार, हा उद्योगातला ठोकताळा. वरच्या उदाहरणातली गाडी ताशी १०० ला शाफ्ट २७०० फेऱ्यांवर नेते, म्हणजे तिचे ७ अंश थोडे जास्तच. ती शहरात गप्प असेल आणि महामार्गावर गुणगुणेल, आणि क्रॉस लवकर खाईल. अशा गाडीत नवनवे क्रॉस घालत बसण्यापेक्षा लिफ्ट कमी करणं किंवा शाफ्टचा प्रकार बदलणं शहाणपणाचं.

बाकीचे, थोडक्यात

सायलेन्सरचं शील्ड थंड असताना हाताने ठोकून पाहा. फुटलेल्या वेल्डवर स्टीलचा होज क्लॅम्प वर्षानुवर्षं टिकतो. कॅरियर, स्नॉर्कल, एलईडी बार यांचा सूर ७० च्या पुढे आणि वाऱ्याच्या दिशेनुसार बदलतो. शंकास्पद फटींवर मास्किंग टेप लावून जा, एकेक पट्टी काढत या. एलईडी बारच्या पंखांमुळे शीळ येत असेल तर त्यावर रबरी पट्टी लावतात. दारातून हवा येत असेल तर दहा रुपयांची नोट सीलमध्ये धरून दार लावा. सहज ओढली गेली तिथे सील दबत नाही.

पाण्यातून गाडी काढल्यानंतर आठवड्याभरात डिफरन्शियल गुणगुणू लागलं तर ड्रेन प्लग किंचित ढिला करा. दुधाळ तेल किंवा आधी पाण्याचे थेंब आले तर आत पाणी गेलंय. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड) चिखलाने बंद असला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल बदला, ब्रीदरची नळी बोनेटच्या उंचीपर्यंत न्या, आणि प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी आहे की तुकडे ते पाहा. भुकटी चालते, तुकडे असतील तर उघडावंच लागेल.

सापडल्यावर

एक बदल, मग तीच ठरलेली फेरी. दोन गोष्टी एकदम केल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही, आणि आवाज महिन्याने परत आला की सगळं पहिल्यापासून. आवाज गेला तर शक्य तिथे उलट करून पाहा: घातलेली शिम काढा, कसलेला ब्रॅकेट ढिला करा. आवाज परत आला तरच तो खरा गुन्हेगार.

कसलेल्या प्रत्येक नट-बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करने सरळ रेघ मारा. १०० किलोमीटरनंतर आणि ५०० नंतर गाडीखाली टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट फिरला. त्याला पुन्हा नुसतं कसू नका. आटे, वॉशर आणि भोक तपासा, लॉक नट नवा घ्या. वहीत तारीख, किलोमीटर आणि टॉर्कचा आकडा लिहा, आणि पुढच्या वेळी गॅरेजला जाताना ती वही सोबत न्या.